दाजींची जुलाबाची बाटली

आमच्या दाजींच्या मते या जगात बिघडलेली अशी वस्तूच नाही. असते ती फक्त पोट साफ नसलेली वस्तू. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. राहतात कनेरगाव नाक्याजवळ, पिकवतात हळद आणि सोयाबीन, आणि उरलेल्या वेळात दिसेल त्या यंत्राला औषध पाजतात. भिंतीवरचं घड्याळ मागे पडायला लागलं, तर यांनी त्यात खोबरेल सोडलं. घड्याळ कायमचं थांबलं. "थकलं होतं बिचारं, निजू द्या," म्हणाले, आणि चेहऱ्यावर अपराधाची रेषसुद्धा नाही! अक्काच्या शिलाई मशीनला त्यांनी एरंडेल पाजलं, तेव्हापासून तिच्या प्रत्येक पोलक्याला एक डाग ठरलेला. "माणूस घ्या, बैल घ्या, नाही तं यंत्र घ्या. पोट साफ तं सगळं बराबर."

दावणीला बैल होते तोवर ही सगळी हौस बैलांवर भागायची. बांबूच्या नळकांड्यानं बैलाला तेल-हळद पाजण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले आणि नळकांडं खुंटीला लागलं. नेमकी त्याच सुमारास मी चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले आणि जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली. माझी शाळा औंढ्याकडे, राहणं हिंगोलीत. एसटीची वाट बघण्यात अर्धा जन्म गेलेला. सगळे नातेवाईक मला हसले. दाजी तेवढे पुढच्या सीटवर येऊन बसले आणि म्हणाले, "चला मास्तरीणबाई, नागनाथाले गाडी दाखवून आणू." वाटेत मी पदोपदी गाडी बंद पाडली, पण गृहस्थानं हूं की चूं केलं नाही. परत आल्यावर मात्र पेट्रोल पंपाजवळच्या दुकानातून इंजिन आतून साफ करणारी बाटली आणली, खुंटीवरचं नळकांडं काढलं आणि टाकीत अख्खी बाटली रिचवली. मी म्हटलं, "अहो, भरलेल्या टाकीला एक असं लिहिलंय, माझी तर अर्धीच आहे." तर म्हणे, "लिहिणाऱ्यानं तुमची गाडी पाहिली होती काय?" त्यानंतर मी नाक्याला जायचं आणि गाडीनं जुलाब घ्यायचा, असं सुरूच राहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही परगावी गेलो, तेव्हा गाडी दाजींच्या रिकाम्या गोठ्यात ठेवली. त्यांचाच आग्रह. "शहरात धूळ बसती, इथं राहू द्या." सुट्टी संपवून गाडी घरी आणली, तर काय! पिकअपच घेईना, चढ दिसला की झटके. वर्कशॉपवाल्यानं तोंड वाकडं करून सांगितलं, "मॅडम, इंजिनचं काम निघतंय. त्यापेक्षा विकून टाका." घरचेही म्हणाले, एसटी आहेच की. मला रडूच फुटलं. माझी गाडी म्हणजे माझं स्वतःच्या मर्जीनं जाणं-येणं होतं हो! आणि खापर फोडायला दाजी होतेच. तशीच खोकत-खोकत गाडी नाक्याला नेली, खास भांडायला.

"दाजी, तुमच्या बाटल्यांनी माझ्या गाडीचं वाटोळं केलं!" मी अंगणातूनच ओरडले.

दाजींचा चेहरा खर्रकन उतरला. "म्या मारली व्हय तुमची गाडी?" एवढंच म्हणाले. मग गाडीभोवती फिरले, बोनेटला कान लावला. "दम लागून राहिला हो हिले. हे पोटाचं न्हाई. बैलाले दम लागला की आमी आधी नाक पाहतो. हिचं नाक कुठं हाय?"

मी चिडलेलीच होते, तरी हवा जाते ती काळी पेटी दाखवली. यांच्या हातात बाटली तयार! "दोन थेंब सोडून पाहतो."

"खबरदार, दाजी!" म्हणेपर्यंत त्यांनी पेटीचं झाकण उचकटलंसुद्धा. आणि आतून भसकन सोयाबीन सांडलं. चांगलं सूपभर! सोबत पोत्याचे दोरे, कागदाचे कपटे आणि कुरतडलेला एअर फिल्टर. अक्कानं एक दाणा उचलून पाहिला. "अगं बाई, हे तर आपल्याच पोत्यातलं!" गोठ्यातल्या उंदरानं माझ्या गाडीत वर्षाची बेगमी केली होती.

सगळं झाडून काढलं, फिल्टर आपटून तात्पुरता बसवला, चावी फिरवली. गाडी अशी सुटली म्हणता! रस्त्यापर्यंत एक फेरी मारून आले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत-रडत बसले. जिवातला जीव म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

दाजी खिडकीशी आले. "म्हंजे बाटलीनं न्हाई झालं?"

"नाही हो, दाजी. बाटलीनं काहीच वाईट केलं नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग हळूच विचारलं, "मंग चांगलं बी काही केलं न्हाई काय?"

मी वाचलं होतं. जुन्या इंजिनात काजळी साचली असेल तर अशा औषधानं थोडीफार निघते. एरवी फरक कळतसुद्धा नाही. शाळेत असते तर तसंच सांगितलं असतं. पण दाजींकडे बघून म्हणाले, "करतच असेल की! उगाच का गाडी एवढी टिकली?"

आता मी नाक्याला गेले की स्वतःच टाकीचं झाकण उघडून देते. दाजी बाटली आणतात, पण अलीकडे त्यांचा हात फार थरथरतो. निम्मं औषध बाहेरच सांडतं, आणि त्यांना ते दिसतही नाही. मी मुकाट्यानं पदरानं गाडी पुसून घेते.