हॅस्पेलकाका आणि दुसऱ्या डावातला फटका

लॉरेन्झ हॅस्पेल बशा वाजवायचे. कारखान्यात तेच त्यांचं काम होतं. भट्टीतून निघालेली बशी डाव्या हाताच्या बोटांवर तोलायची, उजव्या हाताने टिचकी मारायची आणि कानाने ठरवायचं, धड आहे की तडा गेलेली. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. मालकांना वाटे, यांनी जरा कमी बशा बाद कराव्यात. काका म्हणायचे, "साहेब, मी फोडली नाही. मी नुसती ऐकली."

आणि सामना असला की ते मैदानातल्या प्रेक्षकांच्या छपरावर, एका खोक्यात बसून आमच्या बेसबॉल संघाची वही लिहायचे. लीगने नेमलेले अधिकृत लेखनिक. केल्सी फेरी हे आमचं गाव सगळं मातीवर जगतं, म्हणून आमच्या संघाचं नाव 'कुंभार'. मी त्या संघात दुसऱ्या बेसवर खेळायचो. डॉम फाल्बो. बॅट बरी, डावीकडे धावायला जरा मंद, आणि तोंड फटकळ. शेवटचा गुण अजून शाबूत आहे.

आमच्यासारख्या खालच्या लीगच्या खेळाडूंना हॉटेल कुठलं परवडणार? गावातल्या घरांतून आमची सोय व्हायची. मी आणि हार्लन टिपेट हॅस्पेलकाकांच्या माडीवर राहायचो. टिपेट आमचा डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा, केंटकीच्या डोंगरातला, वय चौतीस. दिवसाला सात शब्द बोलायचा, त्यातले तीन ऑगस्टाकाकूंना: "अजून एक वाढा." काकूंना मूलबाळ नव्हतं. टिपेटचे मोजे त्या रफू करायच्या, माझे मात्र मी.

अडतीस सालच्या जुलैत संघाचा मालक रँडॉल टिपेटला स्पष्टच म्हणाला, "तुझा खांदा संपला. एक ऑगस्टला मी तरणा पोरगा आणतोय." बर्फाचा कारखाना होता रँडॉलचा, आणि माणूसही तसाच. टिपेटला खेळाशिवाय एकच धंदा येत होता, कोळशाच्या खाणीचा. त्याचा बाप त्या खाणीत खोकून मेला होता, आणि थोरला भाऊ तेव्हा खोकत होता. जेवताना टिपेटने हे सांगितलं ते सातपैकी चार शब्दांत: "परत खाली जाईन आता." काकूंनी वाढायचं थांबवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

त्यानंतरच्या रविवारी मार्लोचा संघ आमच्याकडे आला आणि टिपेटला काय झालं देव जाणे. चेंडू बॅटजवळ येऊन असा खाली बसायचा की समोरचे बॅटने नुसता वारा घालत होते. पहिला डाव कोरा गेला. दुसऱ्या डावात त्यांचा कॅचर स्टँको आला. हा माणूस बैलासारखा, धावायला त्याहून सावकाश. त्याने चेंडू जमिनीलगत माझ्या डावीकडे मारला. मी धावलो, आडवा झेपावलो. चेंडू माझ्या हातमोज्याच्या टोकाला चाटून मागच्या गवतात गेला. स्टँको पहिल्या बेसवर पोचला आणि मी, नेहमीच्या सवयीने, हातमोजा काढून जमिनीवर आपटला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. असा चेंडू निसटला की ठरवावं लागतं, तो बॅटरचा खरा फटका की क्षेत्ररक्षकाची चूक. साध्या प्रयत्नाने अडवता आला असता तर चूक, नाहीतर फटका. हे एकटा लेखनिक ठरवतो. काका एक बोट वर करायचे ते फटक्यासाठी, आणि मूठ दाखवायचे ती चुकीसाठी. मग लांब, मैदानापलीकडे धावफलकाच्या फळीवर बसलेला म्हातारा पीट क्रूग त्याप्रमाणे आकडा टांगायचा. त्या वेळी भट्ट्यांचा धूर नेमका मैदानावरून चालला होता. काकांनी एक बोट वर केलं आणि वहीत फटका लिहिला. पीटला धुरात बोट काही दिसलं नाही. त्याला दिसला मी आपटलेला हातमोजा. माणूस स्वतःवर एवढा चिडलाय म्हणजे चूकच, असं समजून त्याने आमच्या खात्यात एक चूक टांगली, आणि मार्लोच्या फटक्यांपुढे शून्य तसंच राहिलं.

तिथेच कोणी तोंड उघडलं असतं तर सगळं मिटलं असतं. पण पाचवा डाव संपला आणि ते शून्य सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. पूर्ण सामन्यात एकही फटका न देणं, बिनफटक्याचा सामना, हे पिचरच्या जन्मात एखादे वेळी घडतं, बहुतेकांच्या तेही नाही. आणि ते घडत असताना त्याचं नाव काढायचं नसतं. नाव काढलं की दृष्ट लागते. पिचरच्या शेजारी बसायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, आकडा बोटाने दाखवायचा नाही. आमच्या बाकावर टिपेट एका टोकाला आणि आम्ही आठ जण दुसऱ्या टोकाला, एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. सहाव्या डावात शेंगदाणेवाला ओरडला, "अरे, अजून एकही..." तेवढ्यात मागच्या बाईने पर्सने त्याच्या टाळक्यात हाणली.

"मेल्या, जीभ झडेल तुझी!"

म्हणजे बघा, दोन हजार माणसं मैदानात आणि त्यातला एकही जण काकांना विचारायला गेला नाही की, बाबा, तो दुसऱ्या डावातला नक्की काय होता? काका आपले खोक्यात एकटे, डोळे चेंडूवर आणि वहीवर. फळीकडे ते कधीच बघत नसत. म्हणायचे, "फळीने वहीकडे बघायचं असतं, वहीने फळीकडे नाही." लोक गप्प का, याबद्दल त्यांना काही वाटलं असलं तर एवढंच की आम्ही एक-शून्यने पुढे आहोत, म्हणून धाकधूक आहे.

नवव्या डावात शेवटचा बॅटर बाद झाला आणि बांधच फुटला. लोक कठड्यावरून मैदानात उड्या टाकत होते. आम्ही टिपेटला खांद्यावर घेतलं. मी त्याला एवढं हसताना कधी बघितलं नव्हतं. नाही, हसत नव्हता तो. तोंड उघडं होतं एवढंच, मी तेव्हा त्याला हसू समजलो. रँडॉल टोपी हलवत आला आणि सगळ्यांसमोर ओरडला, "टिपेट! ऑगस्टचं विसर, लेका! बिनफटक्याच्या पिचरला कोण सोडतं? तुझं चित्र छापून लावतो गावोगाव!"

तेवढ्यात हॅस्पेलकाका जिना उतरून आले, वही काखेत. गर्दी का झाली हे त्यांना खरंच कळेना. कोणीतरी सांगितलं. त्यांनी पहिल्यांदाच वळून फळीकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा भट्टीतून काढलेल्या मातीसारखा कोरडा झाला.

"एक फटका होता," ते म्हणाले. "दुसऱ्या डावात. स्टँको."

आधी कोणाला ऐकूच आलं नाही. मग ते शब्द गर्दीत मागेपर्यंत पोचले. दोन हजार माणसं एकदम गप्प झाली, आणि या वेळी दृष्ट लागायच्या भीतीने नाही.

कपडे बदलायच्या खोलीत रँडॉलने दार लावून घेतलं. आत आम्ही खेळाडू, पीट आणि काका. टिपेट कोपऱ्यात बूट सोडत बसला होता, मान खाली.

"हॅस्पेल, लीगला पाठवायचा कागद अजून तुमच्याच हातात आहे," रँडॉल म्हणाला. "टपालात पडेपर्यंत निर्णय बदलायचा हक्क लेखनिकाला आहे. नियमातच आहे ना?"

"आहे."

"मग बदला की! त्यात खोटं काय आहे? चेंडू फाल्बोच्या हातमोज्याला लागला होता. शंभरातले पन्नास जण चूक लिहितील."

"निर्णय बदलेन," काका म्हणाले, "मन बदललं तर. ते नाही बदललं."

मला राहवेना. मी पुढे झालो. "काका, माझी चूक होती ती. मला अडवता आला असता. लिहा माझ्या नावावर, मी सही करून देतो."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "डॉम, तीन वर्षं मी तुला खेळताना बघतोय. तो चेंडू तुला दोन्ही हातांना पंख असते तरी मिळाला नसता. तू झेपावलास हीच कमाल. आणि तुला खोटं बोलताही येत नाही, तेही तू डावीकडे धावतोस तसंच करतोस."

कोणी हसलं नाही. पीट रडत होता. "बोट दिसलं नाही हो मला. हातमोजा दिसला त्याचा." म्हणजे सगळ्याच्या मुळाशी माझा हातमोजा. त्या दिवसापासून मी तो कधी आपटला नाही, पण आता त्याचा काय उपयोग!

रँडॉल टिपेटकडे बोट दाखवून म्हणाला, "या माणसाला तुम्ही रोज जेवू घालता. खाणीत ढकलताय त्याला. एका रेघेसाठी!"

काकांनी वही उघडली. ते टिपेटकडे बघत राहिले. मला वाटलं, आता बदलतील. खरं सांगतो, बदलावं म्हणून मी मनातल्या मनात सगळ्या संतांना हाका मारल्या. मग काका म्हणाले, "हार्लन, मला माफ कर," आणि वही घेऊन निघून गेले.

एक ऑगस्टला रँडॉलने टिपेटला संघातून सोडलंच. हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच कोणाला आशेला लावून ठेवणं मला आवडत नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना काकांच्या अंगावर कोणीतरी सफरचंदाचा गाभा फेकला, आणि ज्या न्हाव्याकडे ते वीस वर्षं जात होते, त्याने त्यांना बघून दुकानाचा पडदा ओढला. हेही मी डोळ्यांनी बघितलं, कारण मी त्यांच्या मागे दहा पावलांवर चालत होतो. शेजारून चालायची माझी छाती झाली नाही. याची लाज मला अजून वाटते.

घरी काकूंना बातमी आधीच पोचली होती. कोबी घालून शिजवलेलं डुकराचं मांस आणि उकडलेली कणसं, टिपेटच्या आवडीचं सगळं टेबलावर होतं. काकूंनी माझं ताट भरलं, टिपेटचं झाकून ठेवलं, आणि काकांच्या ताटात काही वाढलंच नाही.

"ऑगस्टा," काका म्हणाले.

"तुमची वही वाढेल तुम्हाला."

काकांनी खिशातून लीगचं पाकीट काढलं, सामन्याचा कागद त्यात घातला आणि न चिकटवता समोर ठेवलं. सातच्या गाडीने टपाल जायचं. सव्वासहा वाजले होते. मी कणीस हातात घेऊन घड्याळाकडे बघत बसलो होतो.

टिपेट आला तो नदीवरून, बुटांना चिखल. टोपी काढून खुर्चीत बसला. त्याने पाकिटातून कागद काढला आणि दुसऱ्या डावाच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?" मी विचारलं.

"फटका होता. मी वळून बघितलं ना तेव्हा. चांगला मारला होता गड्याने."

"मग सात डाव बोलला का नाहीस, मूर्खा?"

"असं बोलतात होय?" टिपेट म्हणाला. "दृष्ट लागते."

काकूंच्या तोंडून हुंदका आला की हसू, मला कळलं नाही. टिपेट काकांकडे वळला. जन्मात बोलला नसेल एवढं तो त्या संध्याकाळी बोलला.

"काका, तुमच्या वहीत माझे विजय किती?"

"तीन मोसमांत एकेचाळीस," काका न बघता म्हणाले.

"अकरा वर्षं खेळतोय मी. नऊ गावं झाली. सगळीकडे लिहिणारा आपल्या पिचरसाठी हात सैल सोडतो. मीही घेतले तसले. कोणी माझा फटका चूक म्हणून लिहिला, मी गप्प बसलो. त्यामुळे मी मुळात कसा पिचर होतो, ते मलाच कधी कळलं नाही. आज खांद्यावर बसलो होतो ना, तेव्हा तेच आठवत होतं. वाटलं, हासुद्धा तसलाच." तो थांबला. त्याने दोन्ही हातांनी कागदाची घडी घातली. "मग तुम्ही जिना उतरलात. आता मला कळलं, ते एकेचाळीस माझे आहेत. एक ना एक. खाणीत खाली गेलो तरी ते कोणी काढून घेणार नाही."

काकांनी पाकीट त्याच्याकडे सरकवलं.

टिपेटने कागद आत घातला, पाकीट जिभेने ओलं केलं, चिकटवलं आणि टोपी घातली.

"जेवून जा रे," काकू म्हणाल्या.

"गाडी चुकेल, काकू," तो म्हणाला, आणि स्वतःचा फटका स्वतःच टपालात टाकायला स्टेशनकडे चालू लागला.