जाळीखालची माती

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. मायच्या कोंबड्यांच्या अंड्यांवर माझ्या वह्या आल्या, मेहकरच्या कॉलेजचा एसटी पास निघाला. म्हणून नोकरी लागल्यावर पहिली वस्तू आणली ती मायसाठी, खुराड्याची जाळी.

तोवर माय दिवस मावळताना कोंबड्या घरात घेई, डालग्याखाली झाके आणि वर दगड ठेवी. नाल्याच्या काठावर खोकडाचं बीळ होतं. कोल्ह्याहून बारकं जनावर, शेपटीचं टोक काळं. अंगणापर्यंत येई, हुंगून परत जाई. माय त्याला हाकलतही नसे. मला मात्र घरात कोंबड्यांचा वास नको होता. दोन रविवार राबून मी अंगणात खांब रोवले, जाळी ठोकली, वर पत्रा टाकला. माय बघत होती. एकदा जाळीच्या खालच्या कडेला पायाचा अंगठा लावून म्हणाली, "हे जमिनीलेच टेकून राह्यली ना?"

"हो, घट्ट आहे."

"बरं."

चौथ्या दिवशी सकाळी जाळीखाली खड्डा दिसला. अंड्यांवर बसलेली कोंबडी गेली होती, अंडी फुटली होती, दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, मरून पडल्या होत्या.

शेजारचे काका आले. "बाई, तुह्यं खुराडं शिकेल हाय, पण खोकड शाळेत नाई गेलं ना! आलं खालून." मग मायला म्हणाले, "वहिनी, या मेलेल्या कोंबडीत औषध घालून बिळापाशी ठेवतो. कटकट खतम."

"काई नाई ठेवाचं," माय ताडकन म्हणाली. "त्या खोकडीले पिल्लं हायत. अन् वावरातले उंदरं तुमी खासान काय?"

काका गेल्यावर मी विचारलं, "माय, ते खालून उकरन हे तुले मालूम होतं?"

"हाव. जाळी हातभर जमिनीत पुरा लागते."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू शिकेल हायेस, बाई. मले वाटलं, पुस्तकात काई अलग असन."

शेजाऱ्याला तोंडावर नाही म्हणणारी ही बाई माझ्यापुढे गप्प राहिली होती. गप्प बस, असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. पण पाहुण्यांसमोर तिचं 'मले-तुले' सुधारलं होतं. गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचून दाखवताना आवाज चढवला होता. तेवढं पुरलं होतं.

दुपारी पहार घेऊन मी जाळीभोवती चर खणला. माय दगड आणून देत होती.

"एवढं खोल पुरे काय?" मी विचारलं.

ती चराकडे न बघताच म्हणाली, "तुले जसं बरं वाटन तसं."