दर्भाचा कावळा

आईचं श्राद्ध उरकलं की ताई आणि मी दरवर्षी सिनेमाला जातो. अंधारात बोलावं लागत नाही.

यंदाच्या सिनेमातही दोन बहिणी होत्या. आईच्या दहाव्याला घाटावर उभ्या, आणि पिंडाला कावळा शिवेना.

"आई, आम्ही भांडणार नाही," थोरली म्हणाली. कावळा ढिम्म. "मी हिला सांभाळून घेईन," धाकटी म्हणाली. त्याने मान फिरवली. शेवटी थोरली वैतागून ओरडली, "बरं, पुन्हा हिचं तोंड बघणार नाही!" आणि कावळ्याने झडप घातली.

सगळं थिएटर हसलं. आम्हीही हसलो. आमचं हसणं तेवढं सारखं आहे, आईसारखं. मग दोघी एकदमच थांबलो.

आईच्या दहाव्याला आम्हीही गुण्यागोविंदाने राहायचा शब्द दिला होता. ऊन डोक्यावर आलं तरी कावळा फिरकला नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही सुटलो. गेलेल्या माणसाला खोटं कळत असेल का? गवताला तरी कळत नाही.

"त्यांना निदान खरा कावळा आला," बाहेर पडताना ताई म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

ती एका रिक्षात बसली, मी दुसऱ्या. घरं आमची एकाच गल्लीत आहेत.