दत्तप्रसादचा अकरा प्रश्नांचा फॉर्म

दुबईत ऑफिसच्या कागदावर माणसाचा पत्ता म्हणजे पोस्ट बॉक्सचा नंबर, आणि तोही कंपनीचाच. त्यामुळे कंपनीत बारा वर्षं काढूनही दत्तप्रसाद कुठल्या इमारतीत राहतो हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. पुण्याचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. कुणी घरी येतो म्हणालं की हा हॉटेल सुचवायचा. लोक त्याला शिष्ट समजत. शिष्ट म्हटलेलं चालेल, पण घर दिसायला नको, असं त्याचं साधं गणित होतं.

याचं मूळ २००९ सालात. मंदीनं अर्धं ऑफिस रिकामं केलं आणि गेलेल्यांचे व्हिसा रद्द करायचं काम ॲडमिनमधल्या दत्तप्रसादकडे आलं. त्याची स्वतःची नोकरी वाचली, पगार मात्र चांगलाच कापला गेला. बायको शोभना हातपाय गाळून बसणाऱ्यांतली नव्हती. ऊद मेथामधल्या घरातली एक खोली तिनं भाड्यानं दिली आणि हॉलमध्ये जिप्समचं पार्टिशन घालून मुलाची, शार्दूलची, पलंगाची सोय केली.

"इट्स ओके, बाबा. आय डोंट माइंड," दहा वर्षांचा शार्दूल म्हणाला.

मुलानं इतकं समजूतदार व्हावं याचीच दत्तप्रसादला लाज वाटली. ऑफिसात त्यानं चकार शब्द काढला नाही. पुढं पगार पूर्ववत झाला, तोवर शाळेची फी वाढली होती. पार्टिशन होतं तिथंच राहिलं.

२०१५ साली कंपनीनं नवी टूम काढली. नव्यानं येणाऱ्यांना महिनाभर हॉटेलात ठेवणं परवडेना, आणि लोक तर मोबाइलच्या ॲपवरून आपल्या घरातल्या खोल्या भाड्यानं देत होते. तशा खोल्या घ्यायला हरकत काय? पण परक्याच्या घरात आपला माणूस ठेवायचा म्हणजे जोखीम आली. एचआरच्या प्रमुख सुनेत्रा मॅडमनी नियम करायचं काम दत्तप्रसादवर सोपवलं. त्यानं अकरा प्रश्नांचा फॉर्म केला. पोटभाडेकरू ठेवायला घरमालकाची लेखी परवानगी आहे का? धुराचा अलार्म वाजतो का? खोलीला आतून कडी आहे का? चौथा प्रश्न पार्टिशनचा होता. पार्टिशन असेल तर घर नामंजूर. सगळ्यांत खाली 'मी स्वतः जाऊन पाहिले' आणि सही. खोटं कशाला सांगा, फॉर्म उत्तम होता. घर कसं नसावं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

पहिला फटका बसला नागेशला. गुहागरकडचा हा साइट सुपरवायझर अबुधाबीजवळच्या मुसाफ्याहून बदलून आला होता. नवी नवरी सगुणा हिला घेऊन राहायला त्यानं अल क्वोजजवळ एक खोली धरली होती. दत्तप्रसादनं जाऊन पाहिलं, तर खोलीला प्लायवूडचं पार्टिशन.

"साहेब, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. ॲडजस्ट करतो आम्ही," नागेश म्हणाला.

"रूल इज रूल, नागेश. पार्टिशन म्हणजे रिजेक्ट, खलास."

सगुणा पुढच्या आठवड्यात गावी परतली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण त्या दिवशी दत्तप्रसादला घरी जाताना आठवली. आठवली आणि त्यानं ती मागं सारली.

मग आला प्रज्ञाचा फॉर्म. नागपूरची तरुण इंजिनियर, परदेशात पहिल्यांदाच येत होती. ॲपवर तिनं खोली निवडली होती: मराठी कुटुंब, घरचं जेवण, खिडकीत तुळस. दत्तप्रसादनं पत्ता दोनदा वाचला. ते त्याचंच घर होतं. खोली दोन महिने रिकामी होती म्हणून शोभनानं ती ॲपवर टाकली होती.

"अहो, तुमचा फॉर्म शेवटी मागतो काय? मुलगी सुरक्षित राहावी, एवढंच ना?" शोभना म्हणाली. "मग आपल्या घरापेक्षा सुरक्षित कुठलं? आणि भाडं दोन हजार दिरहम, म्हणजे पस्तीस हजार रुपये. आपली मराठी मुलगी आहे, परकी का आहे कुणी?"

'आपली' म्हटलं की आपल्या लोकांना कागद मागायचा संकोच होतो. दत्तप्रसादनं चौथ्या प्रश्नापुढं 'नाही' लिहिलं, पहिल्यापुढं 'आहे' लिहिलं आणि सही केली. 'मी स्वतः जाऊन पाहिले' हे तेवढं खरं होतं.

प्रज्ञा घरात रमली आणि महिना उलटला तरी तिथंच राहिली. घरी त्याला काका म्हणायची, ऑफिसात सर. हेही त्यानंच शिकवलं होतं. "ऑफिसात बोलू नकोस हं. आणि निघताना मी पुढं होतो, तू दहा मिनिटांनी ये." तिनं कारण विचारलं नाही. पाच महिने दोघं एकाच घरातून निघून एकाच लिफ्टनं वेगवेगळे चढत होते.

एका शनिवारी सकाळी पालिकेचे तपासनीस आले. पार्टिशन आजच पाडा, कुटुंबाबाहेरचं कुणी इथं राहायचं नाही, एवढं सांगून गेले. दुपारी प्रज्ञा दोन बॅगा घेऊन हॉटेलात गेली. शोभनानं तिच्या हातात डबा दिला. दत्तप्रसाद बॅगा उचलायला खाली उतरला नाही; वॉचमननं पाहिलं तर, हा विचार त्याला त्याही वेळी सुचला.

रविवारी, म्हणजे तिथल्या कामाच्या पहिल्या दिवशी, प्रज्ञाला जागा का सोडावी लागली हे एचआरला कळलं आणि सुनेत्रा मॅडमनी दोघांना बोलावलं. "फॉर्मवर पार्टिशन नाही असं आहे. मग हे आलं कुठून?"

प्रज्ञानं दत्तप्रसादकडे पाहिलं. तो टेबलावरचा स्टेपलर पाहत होता. तिनं त्याला पुरेसा वेळ दिला.

"सरांनी पाहिलं तेव्हा नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "त्या लोकांनी नंतर घातलं. मी कळवायला हवं होतं."

तिला ताकीद मिळाली आणि प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. ते पत्र टाइप करायचं काम ॲडमिनचं, म्हणजे त्याचंच. त्यानं ते टाइप केलं. एकही चूक न करता केलं, याचीच नंतर त्याला सर्वांत जास्त शरम वाटली.

महिनाभर त्याला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर नोकरी जाईल, न सांगावं तर ती मुलगी रोज समोर दिसे. शेवटी त्यानं एक पळवाट काढली. सगळ्या विभागांच्या पुढच्या बैठकीत फॉर्मला बारावा प्रश्न जोडून आणला: 'हे घर तपासणाऱ्याचे स्वतःचे आहे का?'

सुनेत्रा मॅडम हसल्या. "दत्तप्रसाद, अहो, इतकं निर्लज्ज कोण असेल? काढून टाका हा प्रश्न."

त्यानं पेन उचललं. तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून प्रज्ञा म्हणाली, "राहू द्या ना मॅडम. सरांनी विचार करूनच लिहिलं असेल."

ती अजूनही त्याला वाचवत होती. पोरीच्या वयाच्या मुलीच्या आडोशाला आपण किती दिवस उभे राहणार? त्यानं पेन खाली ठेवलं.

"मॅडम," तो म्हणाला, "ते घर माझं होतं. पार्टिशन सहा वर्षांपासून होतं. प्रज्ञानं खोटं सांगितलं ते माझ्यासाठी."

भिंतीशी नागेश साइटचा रिपोर्ट घेऊन उभा होता. त्यानं मान खाली घातली. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तरी दत्तप्रसादला बरं वाटलं असतं.

प्रज्ञाचं पत्र मागं घेतलं गेलं. दत्तप्रसादची नोकरी बारा वर्षांच्या पुण्याईवर राहिली, पण फॉर्म आणि सहीचा अधिकार गेला. बारावा प्रश्न मात्र छापला गेला.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर तो लिफ्टपाशी आला, तर प्रज्ञा कॉरिडॉरमधून येत होती. त्यानं हातानं दार अडवून धरलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. एकदा तिच्याबरोबर सरळ खाली उतरावं, तिची माफी मागावी, असं त्याला मनापासून वाटलं.

"ये ना, प्रज्ञा," तो म्हणाला.

ती थांबली. आवाजात राग नव्हता.

"तुम्ही व्हा पुढं, सर," ती म्हणाली. "मी येते दहा मिनिटांनी."