ळ नसलेला लॅपटॉप

आमच्या मंडळासाठी लॅपटॉप निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण सुरतेतल्या आमच्या ओळखीच्या खानदेशी घरांमध्ये कॉम्प्युटरचा क्लास केलेली मी एकटीच होते. सहा महिन्यांचा क्लास. त्यात मुख्यतः चपला बाहेर काढून आत कसं जायचं आणि मशीन नीट बंद कसं करायचं हे शिकवलं. उरलेल्या वेळात टायपिंग.

मंडळाचं वर्षातलं मोठं काम एकच होतं, लग्नाळू मुलामुलींची यादी. माझे वडील, म्हणजे आप्पा, मंडळाचे चिटणीस होते. पांडेसऱ्यातल्या एका प्रिंटिंग मिलमध्ये ते रंगखात्यात होते आणि त्यांचं अक्षर चांगलं होतं. चिटणीस होण्यासाठी एवढं पुरत असे. दिवाळी झाली की ते यादी हातानं लिहायला बसायचे. मग तिच्या झेरॉक्स निघायच्या आणि उधना, भेस्तानपासून पार बारडोलीच्या साखर कारखान्यावरच्या लोकांपर्यंत जायच्या.

एका वर्षी आप्पांची एक ओळ सुटली. त्यामुळे अकरा मुलींच्या नावांपुढे भलत्याच घरांचे पत्ते लागले. पाहुणे पोहे खाऊन, चहा पिऊन मुलगी बघायचे आणि मग कळायचं की बी.ए. झालेली मुलगी तीन गल्ल्या पलीकडे राहते. त्या घोळातसुद्धा एक लग्न जमलं आणि ते चांगलं चाललंय. पण आप्पांनी ही गोष्ट फार मनाला लावून घेतली. मिलमध्ये बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक तागा बिघडला नव्हता.

मग बैठकीत ठरलं की यादी कॉम्प्युटरवर करायची. कॉम्प्युटर चिटणिसाच्या घरी राहणार, म्हणजे बमरोलीतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत. तिथे एक पलंग, मायचं शिलाई मशीन, धान्याची कोठी आणि आम्ही पाच जण होतो. टेबल आणायचं तर आमच्यापैकी एकाला बाहेर राहावं लागलं असतं. मंडळाच्या अध्यक्षांचं भेस्तानला किराणा दुकान होतं, त्यांना मी काका म्हणायचे. त्यांनी एका हिरेवाल्याकडे मिटणारा कॉम्प्युटर पाहिला होता.

"मांडीवर मावस?" आप्पांनी विचारलं. घरातल्या बोलण्यात ते अहिराणीच बोलत.

"मावतो. वर जागा उरते," काका म्हणाले.

नवा लॅपटॉप घेणं मंडळाच्या ऐपतीतलं नव्हतं. म्हणून आप्पा, काका आणि मी जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार गुजराती होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "काम शुं करवानुं छे?"

"शादी जमाने का," आप्पांनी हिंदीत सांगितलं.

दुकानदारानं आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो म्हणाला, "लगन माटे तो जूनुं चालहे."

त्याच्याकडे दोन लॅपटॉप होते. एकाचा पडदा रंगीत होता, पण बिजागरी तुटली होती. मागे जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी लावली तरच झाकण उभं राहायचं. दुसऱ्याचा पडदा काळा-पांढरा. तो परदेशात जाणाऱ्या एका व्यापाऱ्यानं वापरलेला होता. त्याची बॅटरी मेली होती, म्हणजे भिंतीला वायर लावूनच तो चालणार. दुकानदार म्हणाला, "कलर ले लो, भाई." आप्पा म्हणाले, रंग मी दिवसभर बघतोच. काकांनी दोन्ही लॅपटॉप दोन हातांवर तोलले आणि काळ्या-पांढऱ्याबद्दल म्हणाले, "हा भरीव आहे."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लॅपटॉप चालू केला. ए टू झेड सगळी बटनं दाबली. शून्य ते नऊ आकडे दाबले. सगळं पडद्यावर उमटलं. उजव्या टोकाला एक तिरक्या रेघेचं बटन होतं, ते मी दाबलं नाही. लग्नाच्या यादीत तिरक्या रेघेची कुणाला गरज पडणार?

"घ्या," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एका शब्दावर दोन मोठ्या माणसांनी पिशवीतून पैसे काढले.

घरी आल्यावर क्लासमधून आणलेल्या फ्लॉपीवरून मी त्यात मराठी फॉन्ट टाकला. मायनं इस्त्रीची वायर काढून आम्हाला प्लग दिला. आप्पा माझ्या शेजारी बसले. पहिल्या मुलाचं मूळ गाव धुळे. मी टाइप केलं आणि पडद्यावर 'धु' आला, पुढे नुसतीच एक मात्रा. त्या फॉन्टमध्ये ळ हे अक्षर तिरक्या रेघेच्या बटनावर होतं आणि ते बटन मेलेलं होतं.

"आते?" आप्पांनी विचारलं.

मी दुकानदाराकडे गेले. त्यानं बटन दाबून पाहिलं आणि म्हणाला, "बेन, ए तो कोई वापरतुं ज नथी."

त्याचं बरोबर असेल. पण आमची माणसं धुळ्याची, जळगावची, अमळनेरची, चाळीसगावची होती. ळ शिवाय आम्ही कुठलेच उरत नव्हतो.

फॉन्टच्या फ्लॉपीवर सगळी मुळाक्षरं असलेली एक फाईल होती. क्लासमध्ये कॉपी करायला शिकवलं होतं, पण एकदा उचललेलं पुन्हा पुन्हा ठेवता येतं हे नाही. मी त्या फाईलमधून एक ळ उचलला आणि धुळ्यात आणून ठेवला. मग जळगावात. आठवडाभर कॉलेजातून आल्यावर मी हेच करत होते. लाइट गेली की न साठवलेलं सगळं जायचं आणि लाइट रोज जायची.

गावांसाठी मी ळ आणत होते, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण यादीत रंगाचाही रकाना होता. तिथे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असं लिहायचं असे. गोऱ्या-निमगोऱ्यांचं काम पटकन होत होतं. बाकीच्यांसाठी दर वेळी दुसऱ्या फाईलमध्ये जावं लागायचं.

सदतिसावी नोंद माझी होती. आप्पांच्या वळणदार अक्षरात उंची पाच फूट एक, शिक्षण बी.कॉम. शेवटचं वर्ष, रंग सावळा. मला राग वगैरे आला नाही. मी ळ आणायला दुसऱ्या फाईलमध्ये गेले आणि तो न घेताच परत आले. मग रंगाचा अख्खा रकाना निवडला आणि पुसून टाकला.

रविवारी सकाळी काका आणि मंडळाचे आणखी एक सभासद घरी आले. क्लासच्या प्रिंटरवर काढलेली यादी मी पुढे ठेवली. काकांनी पानं उलटली.

"रंग कुठाय?"

"या मशीनमध्ये ळ नाही," मी म्हणाले. "सावळा, गव्हाळ उमटत नाही."

"असं असतं होय," सभासद म्हणाले.

काका पान डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. "मग हा धुळ्यातला ळ कुठला?"

"तो एकेक उचलून आणलाय."

"मग रंगासाठी पण आण की उचलून. पोरं-पोरी बघायला जायचं म्हणजे लोकांना आधी कळायला नको?"

आप्पांनी आपली हस्तलिखित वही काढली, सदतिसावी नोंद असलेलं पान उघडलं, पाहिलं आणि वही मिटली.

"गव्हाळ म्हणजे कुठला रंग?" त्यांनी काकांना विचारलं.

"गव्हाळ म्हणजे गव्हाळ. हे बघा," काकांनी शेजारच्या सभासदांकडे बोट केलं.

"मी?" सभासद म्हणाले. "मी गोरा आहे. आमच्या घरात सगळे गोरे."

आप्पांनी आम्हा तिघांचे हात एकाशेजारी एक सतरंजीवर ठेवायला लावले, स्वतःचाही ठेवला. त्यांच्या नखांत कालचा निळा रंग होता. "मी बावीस वर्षं रंगखात्यात आहे," ते म्हणाले. "तिथे प्रत्येक शेडला नंबर असतो, गव्हाळ अशी शेड नाही. असं लिहून दिलं तर सगळा माल परत येतो. ज्या रंगाला नंबर लावता येत नाही, तो आपण लिहायचा नाही."

काकांनी आपला हात उचलून घेतला. मग म्हणाले, "गावं तेवढी नीट आली पाहिजेत."

"गावं आली आहेत," आप्पा म्हणाले.

ते गेल्यावर आप्पांनी मला हळूच विचारलं, "तुनं नाव ऱ्हाऊ दिऊ का काढी टाकू?"

"राहू द्या," मी म्हणाले. खरं तर मला रडू येत होतं, पण माय कोठीवर बसून माझ्याकडे बघत होती, म्हणून मी मशीन नीट बंद केलं.

यादी वाटली गेली. ज्यांना रंग हवा होता ते काकांच्या दुकानात येऊन विचारायचे आणि काका डाळ जोखता जोखता तोंडी सांगायचे. मला बघायला बारडोलीहून एक कुटुंब आलं. मुलाची आई म्हणाली, "यादीत रंग नव्हता." माय म्हणाली, "आता बघितला ना." त्यांचा निरोप आला नाही. मला वाईट वाटलं, साधारण चार दिवस.

परीक्षा झाल्यावर मला रिंग रोडवरच्या एका साडीच्या ऑफिसात बिलं टाइप करायची नोकरी लागली. पुढच्या वर्षी यादीतूनच माझं लग्न जमलं. मुलगा उधन्याचा, लूमच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "ते ळ तुम्ही खरंच एकेक आणले?" मी हो म्हटलं. त्यानं लॅपटॉप बघायला मागितला, स्क्रू काढून बटनाखाली फुंकर मारली, परत बसवलं. ते तरीही चाललं नाही.

लग्नाआधी मी आप्पांना टायपिंग शिकवलं. ते उजव्या हाताच्या एका बोटानं करायचे आणि प्रत्येक अक्षरानंतर पडद्याकडे बघायचे. ळ आणायला ते शिकले, पण तेवढ्यासाठी चष्मा बदलावा लागला. त्यांनी पहिल्यांदा एकट्यानं केलेली यादी दिवाळीला सुरू झाली आणि होळी झाल्यावर निघाली. त्या वर्षी आमच्याकडची लग्नं जरा उशिरा जमली.