ओल्या चामड्यावरची गोपद्मं

काल सियालदह स्टेशनवर चामड्याच्या पर्समध्ये पाण्याची बाटली सांडली. ओल्या चामड्याच्या वासानं जुन्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही नुकतेच कोलकात्याला आलो होतो. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडेच असत. ते कमी बोलत, आईबद्दल तर मुळीच नाही. मी चामड्याच्या पाकिटांवर हातोडीनं नक्षी ठोकायचे. खालच्या मजल्यावरच्या बंगाली शेजारीण काकिमांचे यजमान आजारी पडले आणि काकिमांनी आवाज बंद करायची विनंती केली. मला तेव्हा थोडा रागच आला. मग मी चामडं स्पंजनं ओलं करून क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकानं नक्षी दाबू लागले. दाबलेली रेघ वाळल्यावर तशीच राहते.

ठोकाठोकीत बाबा कधी त्या खोलीत फिरकले नव्हते. त्या दुपारी शेजारी येऊन बसले. बराच वेळ बघून म्हणाले, "दे इकडे."

त्यांनी सावकाश छोटी गोपद्मं काढली. सगळी जरा तिरकी आली.

"सरळ करू?" मी विचारलं.

"नको. तुझी आई उंबऱ्यापाशी काढायची, तिचीही अशीच तिरकी यायची."

मग चहाची वेळ होईपर्यंत ते आईबद्दल बोलत राहिले. मी सुई परत मागितली नाही.