खंडूचा करगोटा

म्हातारा एक दिवस त्या पिंजऱ्यातच मरणार, ही धास्ती सुवर्णाच्या मनातून हलत नव्हती. पोळ्या लाटताना, ऑफिसात संगणकासमोर बसल्यावर, गणेशचा डबा भरताना तेच दिसायचं: गच्चीवरचा पिंजरा, आत पालथे पडलेले सासरे आणि त्यांच्या पाठीवर बसलेलं माकड. सासऱ्यांवर तिची माया नव्हती आणि ते ती स्वतःपासून लपवतही नसे. तरी काळजी मात्र तिलाच. याचाच तिला राग यायचा.

सासऱ्यांचं नाव उखा. घरात आणि गल्लीत आबा. अमळनेरकडच्या खेड्यातून विसाव्या वर्षी सुरतेला आले आणि चौतीस वर्षं लूम चालवले. मागांच्या खडखडाटात कान गेले. पण कान धड होते तेव्हा तरी त्यांनी कुणाचं ऐकलं होतं, असं कुणाला आठवत नव्हतं. बायकोशी, अनुसयाबाईंशी, ते हुकमापुरतं बोलले. मुलाला, म्हणजे सुवर्णाच्या नवऱ्याला, धर्मेंद्रला, त्यांनी लूमच्या पट्ट्यानं फोडलं. तो आज चाळिशीतही बापासमोर मान वर करत नाही. अनुसयाबाई गेल्या त्या वर्षी कामरेजच्या रस्त्यावर एक माकडीण विजेच्या तारेला लागून मेली. तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू आबांनी बनियनच्या आत घालून घरी आणलं. नाव ठेवलं खंडू. त्याला चमच्यानं दूध पाजणारे आबा पाहून सुवर्णाला चीडच आली होती. मांडीवरच्या नातवाला त्यांनी तोवर एकदाही घेतलं नव्हतं.

त्याच आठवड्यात गणेशला पहिला करगोटा बांधायचा होता. आबांनी लूमवरचं काळं नायलॉनचं सूत आणलं, तीनपदरी पीळ घातला आणि एकाच लांब दोऱ्याचे दोन तुकडे केले. एक गणेशच्या कमरेला. दुसरा पुढे करून म्हणाले, ‘‘यालेबी बांध. पोऱ्या शे ना!’’ सगळे हसले. सुवर्णाही हसली. आबांनी पिल्लू धरलं आणि गाठ तिनं मारली. घट्ट, दुहेरी, सुटू नये म्हणून.

गणेश वाढत गेला तसा त्याचा करगोटा दरवर्षी कापला, नवा बांधला. खंडू वाढला तो पिंजऱ्यात. दोन वर्षांचा झाल्यावर त्यानं धर्मेंद्रचा कान फाडला. मग आबांनी भंगारातले अँगल जोडून गच्चीवर पत्र्याखाली पिंजरा केला: चार फूट लांब, तीन फूट रुंद. त्यात त्याला धड चार पावलं टाकता येत नव्हती, उडी मारणं तर दूरच. वैशाखात पत्रा इतका तापायचा की सुवर्णा त्याखाली पापडसुद्धा वाळत घालत नसे. खंडू तिथे दिवसभर पुढे-मागे डुलायचा आणि हातावरचे केस उपटून खायचा. शनिवारी मात्र गल्लीतल्या बायका जिना चढून येत. गूळ-फुटाणे, पेढे, वडे आत टाकत, गजांना कपाळ टेकवत. खंडूचे पुढचे दात किडून काळे पडले तेव्हा शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, ‘‘देवानं तंबाखू धरली वाटतं!’’ आणि खळखळून हसल्या.

कुलपाची किल्ली आबांच्या स्वतःच्या करगोट्याला. अंघोळीलाही सुटत नसे. रोज सकाळी ते एकटेच आत शिरत, वाकून घाण काढत. अलीकडे त्यांचे हात थरथरायचे.

या पावसाळ्यात खंडू खाईना. पोटाशी गुडघे घेऊन बसू लागला आणि पिंजऱ्याला एक गोड, कुजका वास सुटला. आबा म्हणाले, दृष्ट लागली. मिरच्या ओवाळल्या. शनिवारी सुवर्णानं केळं उंच धरलं. खंडूनं कसाबसा हात वर केला, कमरेचे केस फाकले आणि तिला ती गाठ दिसली. बाकी दोरा दिसतच नव्हता. त्याच्यावर मांस वाढलं होतं, कडेनं पू होता.

केळं तिच्या हातातून पडलं.

‘‘आबा, करगोटा रुतलाय त्याला! बारा वर्षांत कुणी काढलाच नाही!’’ ती त्यांच्या कानाशी ओरडली.

‘‘मना खंडूले काय व्हयनं नही.’’

‘‘डोळ्यांनी बघा एकदा. डॉक्टरला बोलवू. नाहीतर प्राणी सोडवणारी माणसं आहेत, त्यांना फोन करते.’’

आबांनी हातातला तांब्या भिंतीवर आपटला. ‘‘फोन कया तं मी या घरमा ऱ्हावाव नही! त्याले आठे आना तवयपासून तुन्हा डोळामा खुपस तो.’’

‘‘खुपतोच! पण त्याला सडवलं मी नाही एकटीनं.’’

मंगलाबाई जिन्यातच होत्या. ‘‘सुवर्णा, सासऱ्याला सून बघेना, मुलगा बघेना. एक देव जवळ बसतो, तोही घालव आता.’’

‘‘मग घेऊन जा तुमच्या घरी. ठेवा देवघरात.’’

मंगलाबाईंनी पदर झटकला. खाली धर्मेंद्र म्हणाला, ‘‘मला यात ओढू नकोस,’’ आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

तिचं म्हणणं आबांनी ऐकलं होतं, हे सोमवारी सकाळी कळलं. लूमवरची धागे कापायची कात्री घेऊन ते एकटेच पिंजऱ्यात शिरले. किंकाळी माकडाची की माणसाची, ते कळलं नाही. सुवर्णा वर पोचली तेव्हा आबा दारात बसले होते. उजव्या हाताचा अंगठा हाडापर्यंत फाटलेला. तरी डाव्या हातानं ते कुलूप लावत होते.

पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं, ‘‘काय चावलं?’’

‘‘कुत्रं,’’ आबा म्हणाले.

‘‘माकड,’’ सुवर्णा म्हणाली. ‘‘दहा वर्षं कोंडलेलं माकड. घरचंच.’’

आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की पट्टा हाताशी असता तर तिच्यावरही उगारला असता. ती नजर तिनं पहिल्यांदाच खाली न बघता सोसली. येताना रिक्षात दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले. गोडादऱ्याच्या वळणावर आबा बाहेर बघत म्हणाले, ‘‘कात्री लागनी नही. गाठ घट्ट शे.’’

गाठ कुणी मारली, ते दोघांनाही ठाऊक होतं.

घरी येताच आबा पट्टी बांधलेला हात धरून गच्चीवर गेले आणि पिंजऱ्याला टेकून बसले. आत खंडू भिंतीकडे तोंड करून बसला होता. उद्या सकाळी म्हातारा पुन्हा आत जाणार, एका हातानं, हे तिला दिसत होतं. गाईनं वासराला चाटावं तसा हा माणूस कुणाला चाटू शकला तो एवढाच जीव, आणि तोच दोऱ्यानं चिरला जात होता. फोन केला की प्राणी सोडवणारी माणसं त्याला घेऊन जातील. आबा घर सोडतील, किंवा सोडणार नाहीत आणि मरेपर्यंत तिला शिव्या घालतील. घालू देत.

ऑफिसातल्या केतकीनं दिलेला त्यांचा नंबर तिच्याकडे महिनाभर पडून होता. जिन्यात उभं राहून, कुणाला न कळता तो लावता आला असता. ती गच्चीवर गेली, आबांच्या समोर उकिडवी बसली.

‘‘फोन करतेय,’’ ती ओठ स्पष्ट हलवत म्हणाली. ‘‘तुमच्या देखत.’’

आबांचा डावा हात कमरेच्या किल्लीवर गेला. ते उठले मात्र नाहीत.

तिनं नंबर दाबला, आवाज पूर्ण वाढवला आणि फोन दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवला. पहिलं वाक्य तिनं ठरवून ठेवलं होतं: दोरा मी बांधलाय, लवकर या.